टायरच्या दुकानातला कॉम्प्रेसर एअरब्रशला चालते का? (तान्ह्या पोळ्याचा नंदी रंगवायचा आहे)

लाकडी_नंदी (सक्करदरा)

राजेहो, मदत पाहिजे.

आमच्या घरी आजोबांच्या काळचा सागवानी नंदी आहे. अडीच फूट उंच, चाकांसकट. तान्ह्या पोळ्याला घरची पोरं तो ओढत गल्लीभर बोजारा (खाऊ-पैसे) गोळा करतात. दरसाल त्याच्यावर ऑइल पेंटचा एक हात चढत गेला, त्यामुळे बिचाऱ्याच्या नाकपुड्या बुजल्या, वशिंड बटाट्यासारखं दिसून राहिलं. यंदा ठरवलं, सगळं खरवडायचं आणि एअरब्रशनं (हवेनं रंग फवारणाऱ्या पेनाएवढ्या गननं) नीट छटा काढायच्या. गळ्याची पोळी, डोळ्याखालची सावली, पाठीवरची झूल.

एअरब्रश ऑनलाइन मागवला. डबल ॲक्शन (एकाच ट्रिगरनं हवा आणि रंग दोन्ही), वर वाटीवाला, ०.३ मिमीचा नोझल. त्याच्यासोबतचा छोटा कॉम्प्रेसर घ्यायला पैसे उरले नाहीत. मेव्हण्याचं मानेवाड्याकडे टायरचं दुकान आहे. त्याच्याकडे जुना १ एचपीचा, ५० लिटर टाकीचा कॉम्प्रेसर पडून होता, तो पाइपासकट घरी आणला.

काल प्लायवर चालवून पाहिला. रंग मधूनच थुंकते. जिथे थुंकला नाही तिथे रंगात टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडून राहिले, रंग त्या जागेवरून मागे सरकते. आणि जवळून रेघ मारली तर कोळ्याच्या पायासारख्या रेषा बाजूला पळतात. टाकीवरच्या रेग्युलेटरचा (दाब कमी-जास्त करायच्या नळाचा) काटा १ किलो दाबाच्या खाली काही दाखवतच नाही.

पोळ्याला तीन आठवडे आहेत. कॉम्प्रेसर परत करू का?

---

सदाशिव_पेठी

एअरब्रशसाठी वेगळा ऑइल-फ्री मिनी कॉम्प्रेसर मिळतो. सात-आठ हजारांत येतो. टायरवाल्यांच्या कॉम्प्रेसरने नाजूक काम होत नाही. योग्य साधन नसेल तर काम करू नये, असे माझे मत.

---

हवाबाज_वाडी

पेठीभाऊ, तुमचं मत राहू द्या तुमच्याजवळ. आमचं वाडीला गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं काम आहे. टाकी २०० लिटरची, आणि त्याच टाकीवरून मी बुलेटच्या पेट्रोल टाकीवर एअरब्रशनं काम करतो. हवा ती हवाच असते बाप्पा. टाकी मोठी तर उलट बरं, हवा धडधडत येत नाही, एका दमात येते.

नंदीभाऊ, आधी हे सांगा, तो पाइप कोणता आहे? दुकानात टायरचे नट खोलायच्या गनला जो लावतात, तोच आणला का?

---

लाकडी_नंदी

हो, तोच. पिवळा, जाड. मेव्हणा म्हणे हाच मजबूत आहे.

---

हवाबाज_वाडी

मग तुमचे खड्डे त्या पाइपातून येऊन राहिले. इम्पॅक्ट गनला तेल लागते, म्हणून त्या लाइनवर तेलाची कुपी बसवलेली असते, हवेसोबत थेंब थेंब तेल सोडते. वर्षानुवर्षं त्या पाइपाच्या आतून तेलाचा हात फिरला आहे. तो कितीही धुतला तरी रंगकामाला उपयोगाचा नाही. आमच्या भाषेत त्या खड्ड्याला फिश आय म्हणतात. गाडीच्या बॉनेटवर एक जरी पडला तर पूर्ण पॅनल घासावं लागते.

परीक्षा सोपी आहे. एअरब्रश काढून टाका, स्वच्छ पांढऱ्या कागदावर मिनिटभर नुसती हवा मारा. ओला डाग पडला आणि थोड्या वेळानं वाळून गेला तर पाणी. पिवळसर, पारदर्शक होऊन तसाच राहिला तर तेल. आधी या पाइपानं करा, मग पाइप काढून थेट टाकीच्या कॉकवर करा. दोन्ही कागद उजेडात धरून पाहा.

---

लाकडी_नंदी

केलं. पाइपाचा कागद समोशाखालच्या पेपरसारखा झाला. टाकीच्या कॉकवरचा कागद ओला झाला होता, पंधरा मिनिटांत वाळला, डाग नाही.

म्हणजे कॉम्प्रेसर निर्दोष?

---

हवाबाज_वाडी

तेलाच्या बाबतीत तरी. पण काचेतून ऑइलची पातळी पाहून घ्या. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर पातळी भराभर उतरते आणि ते तेल टाकीतच जाते. पंधरा दिवसांनी कागदाची परीक्षा पुन्हा करा.

---

बुटीबोरी_निवृत्त

लाकडी_नंदी, तुमच्या रंग थुंकण्याच्या तक्रारीबद्दल, म्हणजे पाण्याबद्दल, थोडं सविस्तर लिहितो. नोकरीची बरीच वर्षं कारखान्यातल्या हवेच्या लाइनींवर गेली, त्यामुळे हा विषय निघाला की मला आवरत नाही.

हवेत वाफ असतेच. नागपूरच्या ऑगस्टमध्ये २८ अंशाला ८० टक्के आर्द्रता धरा. अशा एक घनमीटर हवेत साधारण २२ ग्रॅम पाणी असतं. तुमची ५० लिटरची टाकी गेजवर ७ किलोपर्यंत भरली की तिच्यात बाहेरची सुमारे ४०० लिटर हवा असते. (गेजवरचे ७ आणि वातावरणाचा आपला १, असे ८.) तेवढ्या हवेत जवळजवळ ९ ग्रॅम पाणी आलं. पण २८ अंशाला ५० लिटर जागेत वाफेच्या रूपात राहू शकतं जेमतेम १.३ ते १.४ ग्रॅम, मग दाब कितीही असो. उरलेलं सात-साडेसात ग्रॅम टाकीच्या तळाशी बसतं. म्हणजे एका भरतीला चहाचा दीड चमचा पाणी. टायरच्या दुकानात दिवसभरात टाकी कितीदा भरते ते मोजा, आणि मेव्हण्याला विचारा की खालचा ड्रेन कॉक शेवटचा कधी उघडला होता.

लोकांना वाटतं उन्हाळ्यात हा प्रश्न नसतो. हवा आठपट दाबली की आर्द्रताही आठपट होते. बाहेर १३ टक्के असली तरी टाकीत ती शंभरी गाठते. आपल्या मे महिन्यातल्या कोरड्या दुपारीसुद्धा टाकीत थोडं पाणी धरतंच.

आता यातली चांगली बाजू, जी मिनी कॉम्प्रेसरवाले सांगत नाहीत. टाकीतली हवा थंड होऊन पाणी खाली बसलं की वरच्या हवेत शंभर टक्के आर्द्रता उरते. ती तुम्ही रेग्युलेटरमधून ७ किलोवरून १.४ किलोवर आणली की तीच हवा सैल होते आणि आर्द्रता ३० टक्क्यांवर येते. म्हणजे ऑगस्टमधल्या तुमच्या अंगणातल्या हवेपेक्षा ही कितीतरी कोरडी! छोटा कॉम्प्रेसर तीन-चार किलोलाच बंद होतो, त्याला एवढा उतार मिळत नाही. मोठ्या टाकीचा हा खरा फायदा आहे.

अट एकच, हवा थंड व्हायला वेळ द्यायचा. तुम्ही बहुधा मोटर चालू असतानाच रंग मारत होतात. पंपातून हवा तापून निघते, गरम असताना पाणी वाफेतच राहतं, टाकी आणि रेग्युलेटर ओलांडून पुढे पाइपात जातं आणि तिथे थंड होऊन थेंब धरतं. तोच थेंब एअरब्रशच्या तोंडातून थुंकला जातो. टाकी भरा, मोटर बंद करा, पंधरा-वीस मिनिटं चहा घ्या, ड्रेन कॉक उघडून पाणी काढा, मग कामाला बसा.

---

मिनी_मॉडेलवाला (धरमपेठ)

काका, हे वाचून माझा आठ हजारांचा कॉम्प्रेसर मला तोंड दाखवेना 😅

गंमत नाही, माझा खरंच वीस-पंचवीस मिनिटांत तापतो आणि पावसाळ्यात खालच्या काचेच्या वाटीत पाणी दिसायला लागतं. विमानांची छोटी मॉडेलं रंगवायला पुरतो. अडीच फुटांचा नंदी त्याच्यावर करायचा म्हटलं तर त्याला ताप येईल.

एक मात्र त्याच्याकडे आहे, आवाज नाही. रात्री अकराला चालवतो, शेजारी झोपलेले असतात.

---

लाकडी_नंदी

आवाजाचं बोललात ते बरं झालं. काल मोटर लावली तर वरच्या काकू गॅलरीत येऊन विचारतात, गिरणी टाकली का!

काका, टाकी भरून मोटर बंद ठेवली तर हवा किती वेळ पुरेल?

---

बुटीबोरी_निवृत्त

०.३ च्या नोझलला २० पीएसआयच्या (म्हणजे साधारण १.४ किलोच्या) आसपास मिनिटाला १२ ते १५ लिटर हवा लागते असं धरून चला. ७ किलोपासून २ किलोपर्यंत उतरू दिलं तर ५० गुणिले ५, म्हणजे २५० लिटर. ट्रिगर सतत दाबून धरला तर १७ ते २० मिनिटं. पण तुम्ही काही सतत दाबून धरणार नाही. रंग बदलाल, वाटी धुवाल, लांब जाऊन डोळे बारीक करून पाहाल. पाऊण तास आरामात निघेल. मोटर स्विचवरच बंद ठेवा, नाहीतर दाब उतरल्यावर प्रेशर स्विच तिला आपोआप चालू करेल आणि काकू पुन्हा गॅलरीत.

संध्याकाळी सात वाजता भरून ठेवा, जेवून उठेपर्यंत हवा गारही होते.

---

ओळीतली_लेक (महाल)

नंदीभाऊ, आमचं घर चितार ओळीत. माझे बाबा गणपतीच्या तोंडाला छटा द्यायला ट्रकची ट्यूब वापरायचे. पंक्चरवाल्याकडून ट्यूब फुगवून आणायची, व्हॉल्व्हला नळी जोडायची आणि चालू. ना आवाज, ना लाइटबिल. दाब उतरत जाईल तसतसा हात जवळ न्यायचा, हे त्यांच्या मनगटालाच माहीत होतं. आता आमच्याकडे कॉम्प्रेसर आहे, पण गालावरची लाली काढताना मी अजूनही दाब इतका कमी ठेवते की दादा चिडतो.

तुमच्या कोळ्याच्या पायांबद्दल. दाब जास्त, रंग पातळ, आणि ब्रश जवळ, अशा तीन गोष्टी एकदम झाल्या की रंग पळतो. दूध जितकं पातळ तितकाच रंग ठेवा, पाण्याइतका नको. मोठ्या अंगाला २५ पॉइंट, छटेला १५ ते १८. डोळ्याजवळची बारीक रेघ मारायची असेल तर अजून खाली, पण मग रंगही तसाच बारीक गाळलेला पाहिजे. रंग नायलॉनच्या मोज्यातून गाळून घ्या, हे कोणी सांगत नाही!

---

लाकडी_नंदी

ताई, पॉइंट म्हणजे पीएसआयच ना? मेव्हण्याच्या दुकानात पण ‘तीस पॉइंट मारून दे’ असंच म्हणतात.

---

ओळीतली_लेक

हो, तेच. एक किलो म्हणजे चौदा पॉइंट.

---

हवाबाज_वाडी

आता तुमच्या काट्याचं. टाकीवरचा गेज १० किलोचा असेल. त्याच्यावर १८ पॉइंट पाहणं म्हणजे ट्रकच्या काट्यावर जिरं मोजणं. तो रेग्युलेटर २.५-३ किलोवर ठेवून द्या आणि पुढे दुसरा छोटा लावा, ज्याचा गेज ४ किलोपर्यंतच आहे. इतवारीत लोहा ओळीच्या बाजूला न्यूमॅटिकचं सामान मिळते, तिथे ‘फिल्टर रेग्युलेटर’ म्हणून मागा. ‘एफआरएल’ (फिल्टर, रेग्युलेटर, ल्युब्रिकेटर) म्हणाल तर तो तिसरी तेलाची कुपीही गळ्यात मारेल. ती आपल्याला नको, त्या कुपीनंच तर तुमची वाट लावली.

आणि दाब सेट करताना ट्रिगर दाबून नुसती हवा सोडा, तेव्हा काटा पाहा. बंद असताना २० दाखवते आणि दाबलं की १४ वर येते, मग लोक म्हणतात ब्रश खराब आहे.

---

बुटीबोरी_निवृत्त

हवाबाजांशी एका मुद्द्यावर वाद घालतो. पाणी पकडणारा मुख्य फिल्टर टाकीवरच्या रेग्युलेटरच्या आधी असावा, नंतर नाही. पाणी थेंबाच्या रूपात असतं ते जास्त दाबाला. दाब उतरवला की उरलेलं बाष्प हवेत विरघळून राहतं, फिल्टरला पकडायला काही उरत नाही. आणि फिल्टर टाकीला चिकटवून बसवू नये, तिथे हवा गरम असते. टाकी, मग चार-पाच मीटर पाइप भिंतीवर वेटोळं करून, मग फिल्टर, मग रेग्युलेटर.

---

हवाबाज_वाडी

काका, बरोबर आहे, पण हे तुमच्या कारखान्याचं झालं. हा भाऊ मोटर बंद करून, टाकी गार करून मारणार आहे. त्याला एकच फिल्टर रेग्युलेटर पुरते. फार तर ब्रशच्या खाली बोटाएवढा छोटा मॉइश्चर ट्रॅप लावावा, चुकून आलेल्या थेंबासाठी.

---

बुटीबोरी_निवृत्त

मोटर बंद ठेवणार असतील तर मान्य.

---

लाकडी_नंदी

काल इतवारीत जाऊन आलो. नवीन पीयू (पॉलियुरेथेन) पाइप, पुश फिटिंगा, फिल्टर रेग्युलेटर घेतला. पण एअरब्रशच्या खालची चूडी (आटे) कशातच बसून नाही राहिली. दुकानदार म्हणे एक सूत. मी पट्टीनं मोजली तर जवळपास १० मिलिमीटर भरते. एक सूत म्हणजे तर ३ मिलिमीटर ना?

---

मिनी_मॉडेलवाला

दुकानदार बरोबर आहे! पाइपाच्या चुडीचं माप जुन्या पाइपाच्या आतल्या भोकावरून पडलेलं नाव आहे, बाहेरून मोजायचं नसतं. १/८ बीएसपीची (पाइपाच्या ब्रिटिश मापाची) चूडी बाहेरून ९.७ मिमी भरते आणि १/४ ची १३ मिमीच्या वर. एअरब्रश बहुतेक १/८ चे असतात, दुकानातली फिटिंग १/४. मधे रिड्यूसर लागतो, पितळी घे. टेफ्लॉन टेप चुडीवर दोन-तीन वेढे, पण पहिला आटा सोडून. नाहीतर टेपचा तुकडा सुटून थेट नोझलमध्ये जातो. कसं माहीत ते विचारू नका.

मात्र काही जुन्या अमेरिकन कंपन्यांच्या ब्रशची चूडी वेगळीच असते, त्यांना अडॅप्टर त्यांचाच लागतो. तुझा ऑनलाइनवाला आहे म्हणजे १/८ च असणार.

---

ओळीतली_लेक

विषय थोडा बाजूला नेते. नंदी लहान पोरांच्या हातात जाणार आहे ना? मग गाडीचा रंग नका वापरू. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमच्या वर नको, हा नियम २०१७ पासून आहे, पण तो गाडीच्या रंगांना लागू नाही. पाण्याचे ॲक्रिलिक घ्या, वरून पाण्याचंच वॉर्निश.

आणि खरवडताना? आजोबांच्या काळचे जुने थर म्हणजे त्यात शिसं असू शकते. कोरडं घासू नका, पाणी मारून ओलं घासा, चुरा पोरांपासून लांब.

---

लाकडी_नंदी

अर्धा कोरडाच घासला ताई 😐 उरलेला ओला करतो. फरशी दोनदा पुसून घेतली.

वरून एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारायचा विचार होता, चमक चांगली येते म्हणे.

---

हवाबाज_वाडी

ऑगस्टमध्ये एनसी? पांढरे ढग येतील. थिनर झपाट्यानं उडते, त्यानं पृष्ठभाग गार पडते आणि बाहेरच्या हवेतली ओल त्याच्यावर बसते. लोक मग कॉम्प्रेसरला शिव्या देतात, त्याचा काही संबंध नसते. आम्ही पावसाळ्यात रिटार्डर (हळू उडणारं थिनर) टाकतो, तरी पाऊस सुरू असला की थांबतो. ताईचं ऐका.

आणि कोणी हार्डनरवाला पीयू रंग मारायचं सुचवलं तर घरात तर मुळीच नका मारू. त्याची वाफ फुप्फुसाला वाईट, साध्या कापडी मास्कनं काहीच अडत नाही. ॲक्रिलिकला धुकं अडवणारा मास्क चालेल, थिनरच्या कोणत्याही कामाला कार्बनच्या डब्या असलेला पाहिजे. कॉम्प्रेसरही थिनरपासून लांब, दुसऱ्या खोलीत. प्रेशर स्विच ठिणगी टाकते.

---

बुटीबोरी_निवृत्त

टाकी किती जुनी आहे? ड्रेनमधून निघालेलं पाणी कोणत्या रंगाचं?

---

लाकडी_नंदी

चहासारखं. आधी वाटीभर निघालं, मग साफ.

---

बुटीबोरी_निवृत्त

म्हणजे आतून गंज आहे. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून पाहा, सुटते का? अडकली असेल तर व्हॉल्व्ह बदलल्याशिवाय टाकी भरू नका. तळाला कुठे फुगवटा, पाझर, वेल्डिंगजवळ तडा दिसला तर विषय संपला, टाकी भंगारात. शंका असेल तर पाण्यानं दीडपट दाबाची परीक्षा करून घ्या, हवेनं कधीच नाही. पाण्याची टाकी फुटली तर फक्त चिरते, हवेची फुटली तर घर उडतं. तोपर्यंत ५ किलोच्या वर जाऊ नका.

---

लाकडी_नंदी

कडी सुटत नव्हती. व्हॉल्व्ह बदलला. मेव्हण्याच्या ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये पाण्याची परीक्षा करून घेतली, टाकी टिकली. मेव्हणा आता दुकानातल्या मोठ्या टाकीचा ड्रेन कॉक रोज उघडून राहिला. परवा फोनवर म्हणे, बादलीभर निघालं.

---

लाकडी_नंदी (नऊ दिवसांनी)

रिपोर्ट देतो.

संध्याकाळी सातला ६ किलो भरतो, मोटर बंद, जेवण, ड्रेन, मग आठ-साडेआठला बसतो. नवा पाइप, फिल्टर रेग्युलेटर, ब्रशखाली छोटा ट्रॅप. नऊ दिवसांत एकदाही थुंकला नाही. फिल्टरच्या वाटीत पाण्याचा थेंबही नाही, काका म्हणाले होते तसं सगळं टाकीतच बसते. एका भरतीत निम्मा नंदी प्राइम होऊन जातो.

छटेला १६ पॉइंट बसला. गळ्याच्या पोळीच्या घडीत तपकिरी सावली टाकली तेव्हा आई स्वयंपाकघरातून येऊन उभी राहिली, काही बोलली नाही, अर्धा तास उभी होती.

एक चूक झाली. डोळ्याचा काळा भरताना वाटी उलटली आणि उजव्या कानावर सांडला. पुसला तर पसरला, म्हणून तो कान पूर्ण काळाच केला. पोरगी म्हणते, असू दे, असाच ओळखू येईल.

काल पाऊस होता तर वॉर्निश नाही मारलं.

---

ओळीतली_लेक

फोटो कुठे आहे?

---

लाकडी_नंदी

पोळ्याच्या दिवशी टाकतो. झुलीवरचे आरसे अजून चिकटवायचे आहेत.

---

सदाशिव_पेठी

एक विचारायचं होतं. आमच्या सोसायटीच्या गाडी धुणाऱ्याकडे असाच एक जुना कॉम्प्रेसर पडून आहे. त्याचा पाइपही पिवळाच आहे.

---

हवाबाज_वाडी

पेठीभाऊ, पांढरा कागद घ्या.